सीट चार बोटं खाली, गुडघ्याला कळ : एका पान्यात सायकल आपल्या मापाची करून घ्या

रेवस (ता. अलिबाग) : सकाळची लाँच गाठायची घाई, मागे कॅरिअरला बांधलेली टोपली आणि खाडीवरून समोर येणारा वारा. अशा वेळी सायकल मारताना गुडघे थेट पोटाजवळ येत असतील, टाचा बाहेर फाकत असतील, तर समजून जा की सीट फार खाली आहे. गावागावांत निम्म्याहून जास्त सायकली याच अवस्थेत दिसतात. सायकल दुकानातून जशी आली तशीच वर्षानुवर्षं चालवली जाते. मग गुडघा दुखला की वयावर ढकललं जातं, कंबर धरली की कामावर, आणि हाताला मुंग्या आल्या की अशक्तपणावर.

खरं कारण बरेचदा सीटखालच्या एका नटात असतं. पाना लावून तो नट सैल करायचा, सीट योग्य जागी आणायची आणि पुन्हा आवळायचा. काम दहा मिनिटांचं, खर्च शून्य. ते नेमकं कसं करायचं, हे पाहू.

हिशेब एकदा डोळ्यासमोर आणा

पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागे १८ दात असलेली साधी, बिनगिअरची मोठी सायकल घ्या. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की ती साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे एक किलोमीटरला सुमारे १८० फेरे. शाळा किंवा धक्का पाच किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर. सतत पायडल मारलं तर प्रत्येक गुडघा दिवसाला अठराशेच्या वर वेळा वाकतो आणि सरळ होतो.

सीट खाली असली की गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि त्याच अवस्थेत त्याला जोर लावावा लागतो. त्यामुळे गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो. एकदा-दोनदा काही जाणवत नाही. पण दिवसाला अठराशे वेळा, महिन्याला पंचवीस दिवस असं झालं की जिना चढताना आणि उकिडवं बसताना कळ येऊ लागते. धक्क्यावर मासळी निवडायला किंवा शेतात लावणीला बसणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीचे पाय रोज दुखू लागले तर ती सायकल सोडते, आणि एसटी चुकली की त्या दिवशीची शाळाही बुडते.

सीट खाली का ठेवली जाते?

याला कारण आहे, आणि ते साधं आहे. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले की भीती वाटत नाही. शनिवार-रविवारी मांडवा, किहीमकडे येणाऱ्या गाड्यांची गर्दी असते, रस्ता अरुंद असतो, मागून हॉर्न वाजत असतो. तेव्हा पटकन पाय टेकता यावा असं कुणालाही वाटणारच.

पण सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकत असतील तर ती सीट पायडल मारण्यासाठी खालीच असते. योग्य उंचीच्या सीटवर बसून फक्त पायाची बोटं किंवा चवडा टेकतो. थांबायची पद्धत वेगळी आहे : ब्रेक दाबायचा, सीटवरून पुढे सरकून खाली उतरायचं आणि एक पाय जमिनीवर ठेवायचा. मोकळ्या मैदानात किंवा वाळलेल्या खळ्यात दहा वेळा करून पाहिलं की सवय होते.

पहिलं माप : टाच पायडलवर

सुरुवातीला दोन्ही चाकांत हवा भरून घ्या. हवा कमी असली तरी सायकल जड जाते आणि पाय दुखतात. ते दुखणं सीटच्या नावावर जायला नको. मग सायकल भिंतीला लावा किंवा घरातल्या कुणाला हँडल धरायला सांगा.

१. रोज घालता तीच चप्पल किंवा बूट घालून सीटवर नीट बसा.

२. एक पायडल अगदी खाली आणा. त्यावर टाच ठेवा, चवडा नको.

३. या वेळी पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये.

४. गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर घ्या. टाच पोहोचतच नसेल तर खाली घ्या.

५. आता चवडा पायडलवर ठेवा. गुडघ्यात थोडासा बाक आपोआप येईल. चालवताना तोच बाक हवा.

पायडल नेहमी चवड्याने मारायचं. पायाचा मधला भाग किंवा टाच टेकवून मारलं तर पोटरीची ताकद वाया जाते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

आकड्यात माप हवं असेल तर

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. दोन पायांच्या मध्ये जाड वही आडवी धरून सीटवर बसल्यासारखी वर घट्ट दाबा. वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून अंतर मोजा. ही झाली पायाची आतली उंची. तिला ०.८८३ ने गुणायचं. जगभरातले सायकलपटू हाच आकडा वापरतात. क्रँक जिथे फ्रेमला जोडलेले असतात त्या मधल्या धुरेपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एवढं अंतर हवं.

• आतली उंची ७० सें.मी. : सीट सुमारे ६२ सें.मी.
• आतली उंची ७५ सें.मी. : सीट सुमारे ६६ सें.मी.
• आतली उंची ८० सें.मी. : सीट सुमारे ७०.५ सें.मी.
• आतली उंची ८५ सें.मी. : सीट सुमारे ७५ सें.मी.

टेप फ्रेमच्या उभ्या नळीला समांतर धरायची. जुन्या पद्धतीची स्प्रिंगवाली सीट असेल तर बसल्यावर ती दबते, म्हणून बसलेलं असताना दुसऱ्याने माप घेतलेलं बरं. आकडा ही सुरुवात आहे. शेवटचा निर्णय गुडघ्याचा.

नट सोडताना आणि आवळताना

सीटची नळी फ्रेममध्ये जिथे शिरते तिथे एक बोल्ट असतो. साध्या सायकलींना बहुधा १३ किंवा १४ नंबरचा पाना लागतो, नसेल तर स्क्रू पाना चालतो. नव्या गिअरच्या सायकलींना काही ठिकाणी हाताने उघडायचा खटका असतो. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, सैल करायचा. सीट दोन्ही हातांनी डावी-उजवी फिरवत वर ओढायची.

इथे एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. सीटच्या नळीवर आडव्या रेघांची खूण असते. ती खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. बाहेर आली म्हणजे नळी आत पुरेशी धरलेली नाही. खड्ड्यात आदळून ती वाकू शकते, फ्रेम तडकू शकते आणि चालत्या सायकलवरून माणूस पडू शकतो. खूण गंजून पुसली असेल तर निदान अडीच इंच नळी आत ठेवा. तेवढं करूनही सीट खालीच राहत असेल तर सायकल दुकानात लांब नळी मिळते. जाडी वेगवेगळी असते, म्हणून जुनी नळी सोबत घेऊन जा.

बोल्ट आवळून झाला की सीटचं टोक हाताने जोर लावून फिरवून बघा. हललं तर अजून आवळा. सीट आणि फ्रेमची दांडी एका रेषेत आहे ना, तेही बघा. सीट वाकडी राहिली तर कंबर वाकडी होते.

खाऱ्या हवेची अडचण

रेवस धरमतर खाडीच्या तोंडावर आहे. बोडणीपासून थळपर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात लोखंड लवकर गंजतं. त्यामुळे बऱ्याच सायकलींची सीटची नळी फ्रेममध्ये घट्ट धरून बसते आणि नट सोडूनही हलत नाही. वरून हातोडी मारू नका, फ्रेमचा सांधा फाटतो. गंज सोडवणारं तेल सांध्यावर सोडा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी सीट धरून डावी-उजवी फिरवा. दोन दिवस लागले तरी चालतील. तरीही सुटली नाही तर दुकानदाराकडे द्या.

नळी एकदा बाहेर आली की गंज काढून फडक्याने पुसा आणि ग्रीसचा पातळ हात फिरवूनच परत आत घाला. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर हे काम केलं तर नळी पुन्हा धरणार नाही.

सीट पुढे-मागे आणि तिचा कल

सीटच्या खाली दोन्ही बाजूंना नट असलेली पकड असते. ती सैल केली की सीट पुढे-मागे सरकते आणि तिचा कलही बदलतो.

क्रँक जमिनीला आडवे ठेवा, दोन्ही पायडल सारख्या उंचीवर. सीटवर बसून पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोरीला जाळ्याचं शिसं बांधलं तरी काम होतं. दोरी पायडलच्या मध्याच्या आसपास पडली म्हणजे सीट ठीक आहे. बरीच पुढे पडली तर सीट मागे घ्या, बरीच मागे पडली तर पुढे. सीट सरकवल्यावर उंची पुन्हा एकदा तपासा.

कल शक्यतो सपाट हवा. त्यासाठी सीटवर पट्टी ठेवून बघा. टोक वर असेल तर नाजूक भागावर दाब येतो, मुंग्या येतात, जागा बधिर होते. ही तक्रार पुरुष आणि बायका दोघांनाही होते, पण लाजेपोटी कुणी बोलत नाही. टोक फार खाली असेल तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर येतो.

हँडल : हाताला मुंग्या येत असतील तर

रोजच्या वापराला हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर असावं. कोपर किंचित वाकलेलं, खांदे सैल, मनगट सरळ. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेला नस दबते आहे. हँडल फार खाली किंवा फार लांब असलं की असं होतं. रेसिंगसारख्या दिसणाऱ्या गिअरच्या सायकली तरुण मुलं हौसेने घेतात. त्यांचं हँडल पुढे आणि खाली असतं. हौस ठीक, पण त्यावर रोज दहा-पंधरा किलोमीटर करणाऱ्याची मान आणि पाठ धरते.

अंतराचा अंदाज घ्यायची सोपी पद्धत : कोपर सीटच्या टोकाला टेकवा आणि हात हँडलकडे सरळ करा. बोटांची टोकं हँडलच्या आसपास पोहोचली पाहिजेत. वीतभर अंतर उरलं तर हँडल लांब आहे. मात्र हँडल जवळ आणण्यासाठी सीट पुढे ओढू नका, त्याने गुडघ्याचं गणित बिघडतं.

साध्या सायकलीचं हँडल वर घ्यायचं तर मधला उभा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करतात. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलकेच ठोकलं की आतली पाचर सुटते. इथेही नळीवर खूण असते, तीही आतच राहिली पाहिजे. पण सळईच्या ब्रेकची सायकल असेल तर हे काम घरी करू नका. हँडल वर उचललं की सळयाही वर ओढल्या जातात आणि ब्रेक चाकाला लागून राहतो. सळया पुन्हा बसवाव्या लागतात, ते दुकानदारच करू जाणे.

हँडल बसवल्यावर पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघा. चाकाशिवाय हँडल एकटं फिरत असेल तर त्या सायकलवर बसू नका.

दुखतं कुठे, त्यावरून चूक ओळखा

• गुडघ्याच्या पुढे, वाटीजवळ : सीट खाली किंवा फार पुढे.
• गुडघ्याच्या मागे : सीट वर किंवा फार मागे.
• कंबर डावी-उजवी डुलते, बसायच्या जागेला चोळ लागते : सीट वर.
• मान, खांदे, पाठ : हँडल लांब किंवा खाली.
• तळहात, बोटं : सीटचं टोक खाली झुकलेलं किंवा हँडल खाली.

एका वेळी एकच बदल करा आणि तोही थोडा. सीट फार खाली असेल तर एकदम वर न घेता दर दोन-तीन दिवसांनी एक सेंटिमीटर वर न्या. स्नायूंना जुन्या बैठकीची सवय झालेली असते. मापाच्या जवळ आलात की अर्धा सेंटिमीटरसुद्धा जाणवतो.

घरात सायकल एक, चालवणारे तीन

सकाळी वडील धक्क्यावर, मग मुलगी शाळेत, संध्याकाळी आई बाजाराला. अशा घरात सीट एकाच्याच मापाला असते आणि बाकी दोघं सोसत राहतात. उपाय सोपा आहे. प्रत्येकाचं माप एकदा काढा आणि सीटच्या नळीवर नेलपॉलिशने रंगीत रेघ मारा. वडिलांची लाल, आईची हिरवी, मुलीची निळी. पाना सायकलच्या पिशवीतच ठेवा. सीट बदलायला मिनिटही लागत नाही.

मुलांसाठी "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी सायकल घ्यायची पद्धत आहे. त्यात पैसे वाचतात हे खरं. एकेकाळी तर सगळीच पोरं वडिलांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकली. पण रोज रहदारीच्या रस्त्याने शाळेत जायचं असेल तर एक कसोटी पाळा : दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि दांडी अंगापासून निदान इंचभर खाली राहिली पाहिजे. तेवढं होत नसेल तर सायकल मोठी आहे. सीट कितीही खाली केली तरी ती त्या मुलाची होत नाही. वाढत्या मुलांची सीट दर तीन-चार महिन्यांनी तपासा. उंची वाढते, सीट तिथेच राहते.

कुणी सीट थोडी खालीच ठेवावी?

नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. नवशिक्यांनी, वयस्कर माणसांनी आणि कॅरिअरवर बर्फाची पेटी, मासळीची टोपली किंवा गॅसचा सिलिंडर नेणाऱ्यांनी मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली सीट ठेवली तरी चालेल. वजन मागे असताना सायकल कलंडली तर पाय टेकता येणं महत्त्वाचं. पण दोन-तीन सेंटिमीटर म्हणजे एक-दोन बोटं. चार बोटं खाली गेलात की गुडघा त्याची किंमत मोजतो. ओझं उतरवून मोकळं परतायचं असेल आणि अंतर मोठं असेल, तर तेवढ्यापुरती सीट वर घेतलेली चांगली.

रेवसहून झिराड, चोंढीमार्गे अलिबाग गाठायचं म्हणजे वीस-बावीस किलोमीटर. एवढ्या अंतरात सीटची चूक लपत नाही. अलिबागला पोहोचल्यावर पाय थकले तर ते कष्टाचं दुखणं, रात्री झोपून जातं. एकाच गुडघ्यात, एकाच जागी, रोज तीच कळ येत असेल तर ते मापाचं दुखणं.

डॉक्टरकडे कधी?

सीट नीट करून दोन आठवडे झाले तरी कळ तशीच असेल, गुडघ्याला सूज असेल, गुडघा अडकत असेल, किंवा बोटांच्या मुंग्या सायकल न चालवतानाही जात नसतील, तर पाना बाजूला ठेवा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथे रोज किती किलोमीटर सायकल चालवता, हेही सांगा.

बाकीच्यांनी आज संध्याकाळी दहा मिनिटं काढावीत. टाच पायडलवर ठेवून बघा. गुडघा वाकलेला राहिला, तर पाना कुठे आहे ते शोधा.